अँटेनाची जागा

माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोटच्या अंगात सगळ्यांना जागा असते, फक्त अँटेनाला नसते. छातीत बॅटरी बसते. खांद्यात, कोपरात, गुडघ्यात मोटारी बसतात. पोटात संगणक, डोळ्यांत कॅमेरे. सगळं आखून झालं, की बैठकीतलं कोणीतरी माझ्याकडे वळतं आणि विचारतं, "आणि तुमची ती पट्टी कुठे डकवायची?"

ती पट्टी म्हणजे माझा धंदा. अंगठ्याच्या नखाएवढी असते. पण ती नीट बसली नाही, तर रोबोटला आपण काय सांगतोय ते पोचत नाही आणि त्याला काय दिसतंय ते आपल्याला कळत नाही. तिची अट एकच, आजूबाजूला धातू नको. आता नखशिखांत धातूच्या प्राण्यात बिनधातूची जागा शोधायची म्हणजे भरल्या एसटीत खिडकीची सीट मागण्यासारखं आहे. मिळते, पण भांडून.

भांडायला मी सोनपेठच्या आठवडी बाजारात शिकले. आई वाळलेली मिरची आणि लसूण विकायची. गिऱ्हाइकाशी ती गोड बोलायची. खरी घासाघीस पहाटे व्हायची, बसायच्या जागेसाठी. ऊन कुठून फिरतं, लोक कोणत्या बाजूने येतात, शेजारी मासळीवाली आहे का, हे सगळं तिला पाठ होतं. चांगली जागा मिळाली की अर्धा बाजार जिंकला असं ती म्हणायची, आणि जागा कोणी बळकावली तर तिचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. तिचा आवाज मला मिळाला आहे. तिचा गोडवा नाही मिळाला.

मी पदविका केली, इंजिनिअर झाले नाही. परभणीत एका दुकानात मोबाइल उघडून बसायचे, गच्च्यांवर चढून डिश बसवायचे. तिथून पुण्यात एका प्रयोगशाळेत चाचणीच्या टेबलावर गेले आणि तिथून या कंपनीत. पदवी नसलेली बाई वायरलेसच्या हार्डवेअरची आखणी करते, हे आमच्या मुख्य अभियंत्यांना कधीच पूर्ण पचलं नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. हुशार माणूस आहे, आवाज चढवत नाही. मला त्याचाच जास्त राग येतो.

माझी तक्रार जुनी आहे आणि मी ती विसरलेले नाही. पहिल्या मॉडेलच्या वेळी मी सांगितलं होतं, की अँटेना छातीत ठेवू नका, बॅटरीच्या पाठीमागे ती बहिरी होईल. सरांनी ऐकून घेतलं आणि ती छातीतच ठेवली. आमच्या रोबोटला एक नियम घालून दिलेला आहे. हातात लाल बटण धरलेल्या माणसाशी त्याचा बिनतारी संपर्क तुटला, की त्याने चालणं थांबवायचं, गुडघे हळूहळू वाकवायचे आणि खाली बसायचं. थांब म्हटलेलं ज्याला ऐकू येणार नाही, त्याने माणसांमध्ये चालत राहणं धोक्याचं, म्हणून. तर तो पहिला रोबोट एका मोठ्या प्रदर्शनात पाहुण्यांसमोर बसला. उठवला, पुन्हा बसला. नंतरच्या बैठकीत शब्द उच्चारला गेला तो "वायरलेस कच्चं आहे" असा. जागा कच्ची होती असं कोणी म्हणालं नाही. सर माझ्यासमोर बसले होते, तेही म्हणाले नाहीत.

म्हणून दुसऱ्या मॉडेलला मी डोकं मागितलं. डोकं उंच असतं, बॅटरीपासून लांब असतं, आणि कवटी प्लास्टिकची करता येते. कवटीवर आधीच चारजणांचा डोळा होता. बाह्यरूप करणाऱ्या मुलीला ती चंदेरी हवी होती. त्या रंगात धातूची भुकटी असते. मी तिच्याशी आठवडाभर भांडले आणि शेवटी तिने पांढरा रंग मान्य केला. त्या बदल्यात तिला हवे तसे कान बसवायला मी विरोध करणार नाही असं ठरलं. मानेतून केबल नेली तर मान हलताना ती तुटते, ही सांधे करणाऱ्यांची कुरकुर होती. तुटली तर जबाबदार मी, असं त्यांना लिहून दिलं. सरतेशेवटी सर उरले. ते म्हणाले, "बाहेर, खऱ्या जागी एक चाचणी घेऊ. रोबोट आपणहून एकदाही खाली बसला नाही तर डोकं तुमचं. बसला, तर अँटेना पुन्हा छातीत, आणि तुम्ही पुन्हा चाचणीच्या टेबलावर."

मी म्हणाले, "चालेल." एवढ्या वर्षांनी चढलेली पायरी होती ती, पण त्या क्षणी रागाच्या भरात मला ती पणाला लावायला काही वाटलं नाही.

खरी जागा म्हणून मी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, सुचवली. धूळ, उकाडा, लोखंडी यंत्रं, आणि रुईच्या गाठींच्या थप्प्या. तिथे जे चालेल ते कुठेही चालेल. बोरीच्या पुढे जिंतूर रस्त्याला एक जिनिंग आहे, तिचा मालक माझ्या मामांना ओळखणारा. माझं आजोळ बोरी. मामांनी उभं आयुष्य जिनिंगांमध्ये गाठी उचलण्यात घालवलं.

मालक आधी तयारच होईना. हंगामात शेड अडवायची म्हणजे त्याचं नुकसान. मी एकेक करून सगळं कबूल करत गेले: कापूस आमच्याकडून सांडला तर आम्ही वेचू, यंत्र बंद ठेवायला लागणार नाही, तुमच्या माणसांनी फोटो काढलेले चालतील. तरी तो म्हणाला, "ते समदं ठीक हाय ताई. पण आमच्या दारात पयल्यांदा रोबोट यायलाय, मंग कार्यक्रम झाला पाह्यजे. सत्कार झाला पाह्यजे." मी म्हणाले, करा. सत्काराने अँटेनाचं काय बिघडणार होतं?

रोबोट बंद असताना उभा राहू शकत नाही, पोत्यासारखा कोसळतो. म्हणून त्याला लोखंडी स्टँडला पट्ट्यांनी टांगून ठेवतात. कार्यक्रमाच्या सकाळी मालकाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "टांगलेल्या पाव्हण्याला हार घालू का मी?" त्याचं खरं होतं. दिसतही होतं ते वाईट. आम्ही रोबोट चालू केला, पट्ट्या सोडल्या, आणि तो मंडपात पायांवर उभा राहिला. लॅपटॉपवर सिग्नलची रेघ छताला टेकलेली होती. शेडच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, गाठींच्या थप्प्यांमागेही, मी सकाळीच त्याला चालवून आणला होता. एकदाही बसला नव्हता. सरांनी ते पाहिलं होतं. "छान," एवढंच म्हणाले, पण म्हणाले.

मंडपात जिनिंगवर काम करणाऱ्या बाया पुढे बसल्या होत्या, मागे शेतकरी, खुर्च्यांवर पाहुणे. हार झाला, शाल झाली, हातात नारळ दिला. रोबोटने तो पडू दिला नाही, त्याला टाळ्या पडल्या. मग मालकाने माईकवर सांगितलं, की फेटा बांधतील आमच्या बोरीचे मामा, कारण त्यांच्या हातचा फेटा दिवसभर हलत नाही.

मामांचं फेटे बांधणं अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. जयंतीच्या मिरवणुकीत निम्म्या बोरीच्या डोक्यावरचा निळा फेटा त्यांच्या हातचा असतो. लग्नसराईत तर चारठाण्यापासून बोलावणं येतं. पाटलांच्या घरचं असो की आमच्या वस्तीतलं, नवरदेव त्यांच्यासमोर पाटावर बसून राहतो आणि ते त्याची हनुवटी धरून डोकं इकडे-तिकडे वळवतात. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तरुण असताना आमच्या माणसांना गावातून डोक्याला फेटा बांधून जायची सोय नव्हती. आजोबा फेटा पिशवीत घालून गावाबाहेर पडायचे आणि सोयऱ्यांच्या गावाची शीव आली की बांधायचे. मामा हे कधी सांगत नाहीत. मला आईकडून कळलं. मामा फक्त बांधतात, आणि ज्याला बांधतात त्याच्याकडे नंतर बराच वेळ पाहत राहतात.

त्या दिवशी ते घडी उलगडत मंडपात आले तेव्हा मी कौतुकाने फोन काढला होता. केशरी फेटा, रुंद जरीचा. परभणीला खास जाऊन त्यांनी तो आणला होता. आदल्या दिवशी मला दाखवताना म्हणाले होते, की दुकानदार प्लास्टिकची जरी दाखवायलाय, ती चमकते लय पण खोटी. आपल्या पोरीच्या पाव्हण्याला खोटं कसं बांधावं, म्हणून खऱ्या जरीचा घेतला. मीही मान डोलावली होती. खऱ्या जरीत तांब्याची बारीक तार असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अँटेना आणि फेटा या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका ठिकाणी कधी आल्याच नव्हत्या.

मामांनी सवयीने रोबोटची हनुवटी धरली आणि मान वळवायला गेले. मोटारीने मान जागच्या जागी धरून ठेवली. "पाव्हणा मानी हाय," मामा म्हणाले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग पहिला वेढा बसला, दुसरा बसला.

लॅपटॉपवरची रेघ खाली आली.

प्रत्येक वेढ्याला ती एक पायरी उतरत होती. तांब्याच्या तारेचं जाळं मामा माझ्या अँटेनाभोवती स्वतःच्या हाताने घट्ट आवळत होते. लाल बटण मंडपाशीच आमच्या माणसाच्या हातात होतं, तेव्हा इतक्या जवळून संपर्क टिकला असता, पण सत्कारानंतर रोबोटने कापसाची पाटी उचलून थप्प्यांमागून जायचं होतं. तिथे तो बसणार, हे मला दिसत होतं. सर शेजारी उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं.

"प्लास्टिकची आहे का जरी?"

"खरी आहे."

"मग काढायला सांगा त्यांना," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. मी ते इतक्या कडवटपणे म्हणाले, की पुढच्या खुर्चीवरच्या पाहुण्याने वळून पाहिलं.

सर गेले नाहीत. मीच निघाले. मंडपात पोचेपर्यंत मामांचा पाठीवर शेमला सोडून झाला होता आणि ते तुऱ्याला पंख्यासारख्या चुण्या देत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, मामांचा हात थांबला. बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "कामून गं माय? काही अडचण हाय का? सोडू का?"

समोर सगळे बसले होते. जिनिंगचा मालक, ज्यांच्या घरचे नवरदेव मामांनी सजवले ते लोक, मामांच्या बरोबरीने गाठी उचललेले म्हातारे. मी एक शब्द बोलले असते तर मामांनी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, स्वतः बांधलेला फेटा स्वतः उतरवला असता.

"राहू द्या मामा," मी म्हणाले. "लय छान बसलाय."

रोबोटने नारळ ठेवला, पाटी उचलली आणि तो चालायला लागला. शाल त्याच्या खांद्यावर, डोक्यावर तुरा. मागून कोणीतरी म्हणालं, की वरातीतून थेट कामावर निघालाय. पहिली थप्पी गेली. दुसऱ्या थप्पीच्या आड त्याचं अर्धं अंग गेलं आणि रेघ तळाला लागली. तो थांबला. गुडघे वाकले. पाटी मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून, तो सावकाश खाली बसला. कापसाचा एक पुंजकाही सांडला नाही.

मग मालकाने माईक ओढला. "सत्कार झाल्यावर पाव्हणा बसनारच की," तो म्हणाला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आमच्या चाचणीचा तोच भाग ठरलेला होता असं सगळ्यांना वाटलं असावं. बाया उठून त्याच्या शेजारी बसून फोटो काढायला लागल्या.

मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर ते माझ्याकडे आले. "माझ्या फेट्यानं बसला न्हवं?"

त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी हो म्हणाले. जरीतल्या तारेचं सांगितलं, आणि बसल्यामुळे माझं काय जाणार तेही सांगितलं.

"मंग सोडू का म्हणलो तवा न्हाई कामून म्हणालीस?"

"एवढ्या लोकांत तुम्हाला फेटा सोडायला लावू?"

मला वाटलं होतं ते हळवे होतील. ते चिडले. मामांना मी त्याआधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "येडी हायस तू," ते म्हणाले. "फेटा सोडला तर परत बांधता येतो. चार डाव बांधला असता मी. जायलाय ती तुझी जागा." आणि ते रोबोटच्या डोक्यावरून फेटा उतरवायला गेले, पण हात लावून थांबले, आणि नुसता तुरा सारखा करून परत आले. शेजारच्या कट्ट्यावर ते माझ्याकडे पाठ करून बसून राहिले.

सर शेडच्या पायऱ्यांवर उभे होते. त्यांच्याही डोक्यावर मामांचा फेटा होता, सगळ्याच पाहुण्यांना बांधले होते. त्यांच्या कपाळावर घट्ट वेढ्याचा लाल वळ उठला होता, तरी त्यांनी फेटा काढलेला नव्हता. मी भांडायच्या तयारीनेच गेले. अट चाचणीची होती, सत्काराची नव्हती, असं म्हणाले. सकाळी तो एकदाही बसला नव्हता, याची आठवण करून दिली. पहिल्या मॉडेलचंही काढलं. छातीचं, प्रदर्शनाचं, त्या बैठकीत ते गप्प बसले त्याचं. ती गोष्ट मी इतकी वर्षं धरून बसले होते, ती त्या पायऱ्यांवर भडाभडा बाहेर आली.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा बोलायला हवं होतं मी." इतकंच. आणि लगेच कामावर आले. "पण आजचं वेगळं आहे. हा रोबोट उद्या शाळेत जाईल, कारखान्यात जाईल, कोणाच्या लग्नात जाईल. कुठेही गेला तरी पहिलं काय होईल?"

उत्तर मला माहीत होतं. आपल्याकडे त्याचं डोकं कोणी मोकळं ठेवणार नव्हतं. प्रयोगशाळेत मी धातू मोजला होता, अंतर मोजलं होतं, गाठींच्या थप्प्या मोजल्या होत्या. आपल्या माणसांना मोजायचं राहिलं होतं, आणि ती माझीच माणसं होती.

"तुम्ही का नाही थांबवलंत?" मी विचारलं. "मी बोलले नाही, तरी तुम्हाला माईक घेता आला असता."

"तुम्ही त्यांना 'राहू द्या' म्हणालात ते मला ऐकू आलं," ते म्हणाले. नकळत त्यांचा हात स्वतःच्या फेट्याकडे गेला. "त्यानंतर मी कोणत्या तोंडाने माईक घेणार होतो?"

आम्ही दोघं तिथून रोबोटकडे पाहत राहिलो. तो अजून पाटी मांडीवर घेऊन बसलेला होता. मी रागातच, पण नीट, त्याच्या अंगावरून नजर फिरवायला लागले. डोक्यावर फेटा. कपाळाला मालकिणीने लावलेलं कुंकू. गळ्यात आणि छातीवर ओला हार. पाणीही सिग्नल पितं, म्हणजे छाती आज उलट आणखी बहिरी ठरली असती. खांद्यांवर आणि पाठीवर शाल. तळहातांवर नारळ. पाया पडायला लोक वाकतात, तिथेही हात लागणार. सत्काराने त्याचं सगळं अंग व्यापलं होतं. सगळं सोडून उरला होता तो हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा बाहेरचा भाग. तिथे कोणी काही बांधत नाही, काही लावत नाही. वरचं कवच प्लास्टिकचंच होतं.

"डोकं सोडणार नाही," मी म्हणाले. "पण आणखी एक जागा द्या. हात. एकीवर काही आलं तर दुसरी ऐकेल."

हाताच्या सांध्यातून केबल नेणं किती अवघड आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सांधे करणारे पुन्हा माझ्या नावाने खडे फोडणार, तेही ठाऊक. मी पुढचे सगळे मुद्दे तयार ठेवले होते. केबलची जाडी, वजन, मी काय सोडायला तयार आहे ते.

"घ्या," सर म्हणाले.

नव्या मॉडेलच्या आराखड्यात आता दोन जागा आहेत, डोकं आणि उजवा हात, आणि मी चाचणीच्या टेबलावर परत गेलेले नाही. अहवालात सरांनी घडलं ते लिहिलं, फेट्यासकट. हाताची जागा कोणाच्या सांगण्यावरून आली ते मात्र "चर्चेतून ठरले" असं लिहिलं. ते मी वाचलं आहे आणि लक्षात ठेवलं आहे. पण जास्त सलतं ते दुसरंच. माझ्या आयुष्यात कोणी पहिल्या शब्दाला "घ्या" म्हणालेलं नाही. तेव्हापासून मला वाटतंय, की त्या पायऱ्यांवर मी डावा हातही मागायला हवा होता.